समोर धाकटा

कुताइसी, जॉर्जिया, ६ जानेवारी २००४

चि. बादरीस आईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

उद्या सात तारीख, आपला जुन्या पंचांगाचा नाताळ. सकाळपासून वीज नाही, म्हणून खिडकीशी बसून लिहितेय. मधातली अक्रोडाची वडी केली, पण खायला मी एकटी. तुम्ही दोघे भाऊ फ्रान्सात! बाबा असते तर म्हणाले असते, दोन बैल वाढवले आणि दोन्ही दुसऱ्याच्या नांगराला.

वाझाचं पत्र आलं. महिनाअखेर त्याचा रग्बी क्लब तुझ्या क्लबशी खेळणार. पुढच्या फळीत तो डावा प्रॉप, तू उजवा, म्हणजे स्क्रममध्ये दोन्ही संघ डोकी घालून एकमेकांना रेटतात तेव्हा त्याचा खांदा थेट तुझ्याच खांद्याला. त्याला या हंगामापुरतंच घेतलंय. शिवाय पानगळीत मान दुखावली होती, ते मी विसरलेले नाही. तुझं नाव झालंय. पोराला सांभाळून घे. थोडा सैल सोडलास तर तुझं काय बिघडणार आहे?

जेवत जा. दाढी कर, फोटोत पाद्री दिसतोस.

तुझी वाट पाहणारी,
आई

कुताइसी, २ फेब्रुवारी

चि. बादरीस,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तरी ते आहेतच.

शेजारच्या नोदारकडे जनरेटर लावून सगळ्या गल्लीने सामना पाहिला. पहिल्याच स्क्रमला सगळे कोसळले, वाझा खाली. तो कसाबसा उठला, आणि त्यानंतर तू त्याला जे रेटलंस! दर वेळी मागे, मागे. नोदार टाळ्या पिटत होता, मला त्याचं तोंड बघवेना. मध्यंतरानंतर पोराला बाहेर बसवलं. तुझ्याकडे मी आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती.

ईस्टरला वाझा येतोय. तू नाही आलास तरी चालेल.

आई

फ्रान्स, १५ फेब्रुवारी

ती. आईस बादरीचा शि. सा. न.

तुझं म्हणणं खरं आहे. ईस्टरला येत नाही. वाझाची मान ठीक आहे, मी फोन करून विचारत असतो. दाढी केली.

प्रकृतीस जपावे.
बादरी

फ्रान्स, १ मार्च

ती. आईस वाझाचा शि. सा. न. वि. वि.

दादाने मला शपथ घातलीय, ती मोडतोय.

पहिल्या स्क्रमला डोकी घातली, आणि समोर जोरच नव्हता. दादा सैल सोडून उभा. मी जीव खाऊन घुसलेलो, टेकायला काही नाही, म्हणून तोंडावर आपटलो आणि मागचे सगळे माझ्यावर. हातांना मुंग्या आल्या, बोटं हलेनात. आई, मला वाटलं संपलं. उठलो तर दादा पांढराफटक. मी त्याला शिव्या घातल्या (कुठल्या ते विचारू नकोस) आणि म्हटलं की जोर लाव, नाहीतर मारशील मला. प्रॉपला समोरचा प्रॉपच उभा ठेवतो गं. दोघांनी एकमेकांवर पुरता भार टाकला तरच दोघे पायांवर राहतात.

मग लावला त्याने. मी मागे गेलो, पार गेलो, पण उभ्याने गेलो. तो माझ्याहून भारी आहे, एवढंच. सामना संपल्यावर माझ्या मानेवर हात ठेवून तो सगळ्यांदेखत रडला. तुझ्या सांगण्यावरून सैल सोडलं होतं हे तुला कधी कळता कामा नये, म्हणाला; आईला जन्मभर टोचेल. पण ईस्टरला तो इकडे एकटा बसणार, हे मला बघवेना. मला क्लबने अजून ठेवलंय, पुढचं मेमध्ये ठरेल.

राग आला तर माझ्यावर काढ.
वाझा

कुताइसी, १२ मार्च

चि. बादरीस आईचे अनेक, अनेक आशीर्वाद.

वाझाने सगळं लिहिलं. पत्र हातात धरून मी चुलीपाशी बसून रडले. पोराची मान मी मोडायला निघाले होते, आणि तू माझे बोल गुमान ऐकून घेतलेस. असला कसला रे तू?

ईस्टरला ये. नाही आलास तर मी तिकडे येऊन कान धरून आणीन.

मे महिन्यात तुम्ही पुन्हा समोरासमोर आहात म्हणे. मी नोदारकडे पुढच्याच खुर्चीत बसणार आहे. भाऊ म्हणून कणभरही सोडू नकोस त्याला. सगळा जोर लाव, बाळा.

तुम्हा दोघांची,
आई