कलम नऊला माझी हरकत नाही

माननीय नियोजन अधिकारी, म्हणजेच आमचे माजी नवरोबा,

तुझा वणवा आराखडा वाचला. हरकती पाठवायची उद्या शेवटची तारीख, म्हणून इथली वनक्षेत्रपाल या नात्याने लिहायला बसले.

वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत आधीच जाळून पट्टा मोकळा ठेवायचा, हे बरोबर. पण तू तो नकाशावर पट्टीने आखलास आणि तो थेट तळ्यातून गेला. पाणी कसं पेटवायचं, तेही कळव. शिवाय धूर दिसला की आधी म्हणे समितीची बैठक! आपल्या भांडणातही तू आधी तिन्ही बहिणींची बैठक बसवायचास. तोवर संसाराचा कोळसा झाला.

एवढं लिहिलं आणि आईंनी, म्हणजे घटस्फोटानंतरही माझ्याकडेच राहिलेल्या तुझ्या मातोश्रींनी, कलम नऊ मोठ्याने वाचलं: ‘जंगलालगत राहणाऱ्या वृद्धांनी उन्हाळाभर जवळच्या नातेवाइकाकडे राहावे.’

“जवळचा म्हणजे हा मेलाच की गं!” म्हणत त्या उठल्या आणि बॅग भरायला लागल्या. पहाटे आरवणारा कोंबडाही टोपलीत घातलाय. तुझं स्वयंपाकघर नव्याने लावायचं त्यांनी आत्ताच ठरवलंय.

हे पत्र मिळालं, तर तू सगळ्यात आधी कलम नऊ खोडशील. म्हणून पाठवत नाही. तळ्याचं मी बघून घेते.

फक्त उन्हाळा सरला की आईंना मुकाट्याने परत आणून सोड. त्यांची जवळची नातेवाईक मीच आहे.

काहीही हरकत नसलेली,
वनक्षेत्रपाल