पाहण्याचे त्रेचाळीस शब्द

तिसगाव,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, सन १९४४

चिरंजीव काकासाहेब यास आसाराम मास्तरचे डोळे भरून आशीर्वाद. (डोळ्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण पुढे येईल.) तुझा खोकला, तुझ्या बायकोची कंबर आणि नगरच्या इस्पितळातली तुझी कंपाउंडरची नोकरी, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. मावशीच्या पोटी तू एकच शहाणा निघालास, म्हणून हे पत्र तुला. आधी अक्षर बघ. ओळी सरळ, काना उभा, शाईचा एक डाग नाही. न दिसणारा माणूस असे लिहील का? तेवढे मनात ठेव आणि मग पुढे वाच.

गावात आवई उठली आहे की मास्तरला दिसत नाही. साफ खोटे. तुला ठाऊकच आहे, मी बारा वर्षे इंग्रजीतले पाहण्याचे शब्द एका वहीत जमवतो आहे. जुने शब्द मिशनच्या पाद्रीबाबांनी टाकून दिलेल्या डिक्शनरीतले (शेवटची पाने उंदरांनी खाल्ली, त्याला मी काय करणार?) आणि नवे, कानावर येतील तसे. परवा रजेवर आलेला शिपाई भीमा सांगत होता, छावणीतले गोरे सोल्जर हल्ली 'टेक अ डेको' म्हणतात. म्हणजे आपलाच 'देखो' उचलला आणि विचारलेसुद्धा नाही! तोही लिहून घेतला, त्रेचाळीस झाले. लुक म्हणजे नजर टाकणे, सी म्हणजे दिसणे, ग्लान्स म्हणजे ओझरते, स्टेअर म्हणजे टक लावून, पीप म्हणजे फटीतून, गेझ म्हणजे भान हरपून, आणि बिहोल्ड म्हणजे साक्षात दर्शन. तेव्हा 'दिसत नाही' हे बोलणेच अडाणीपणाचे आहे. त्रेचाळिसांपैकी नेमके कुठले दिसत नाही ते सांगा, असे माझे गावाला आव्हान आहे. अजून कुणी पुढे आलेले नाही.

लोक दाखला देतात तो शेळीचा. बाजारच्या दिवशी मी लिंबाखाली बांधलेली आमची शेळी सोडून घरी आणली, ती छबूबाईची निघाली. छबूबाई दारात येऊन म्हणाली, "अवं मास्तर, तुमची शेळी पांढरी, माझी काळी हाय. येवढं बी दिसंना व्हय?" मी तिला समजावले की मी फक्त ग्लान्स टाकला होता, रंगापर्यंत जायचे तर शब्द बदलावा लागतो. ती शेळीचा कान धरून निघून गेली आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेली. (तुझी वहिनी मनकर्णा तोंडाला पदर लावून हसत होती. बायकांना भाषेतले बारकावे कळत नाहीत.)

खरी लढाई मागल्या सोमवारी झाली. डेप्युटीसाहेब शाळा तपासायला आले. त्यांनी कोट आणि टोपी खुंटीला अडकवली आणि स्वतः मागच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. आता खुंटी बरोबर साहेबाच्या उंचीवर ठोकणारा सुतार दोषी की मी? मी टोपीला वाकून नमस्कार केला, हजेरी सांगितली, गळक्या कौलांची तक्रार केली, आणि टोपीने ती शांतपणे ऐकून घेतली. इतका समजूतदार अधिकारी तीस वर्षांत भेटला नव्हता. मग पाठीमागून आवाज आला, "मास्तर, मी इकडे आहे. आणि मुले कुठे आहेत?" वर्ग शांत आहे म्हणून मी सकाळपासून खूश होतो. (अर्धा वर्ग मागच्या दाराने बोरे खायला गेला होता. हे मला लागले, काकासाहेब. फार लागले. पण ते असो.)

मी डगमगलो नाही. म्हणालो, साहेब, आपण मला 'सी' झाला नाहीत हे कबूल, पण मी आपल्याला 'बिहोल्ड' केले होते. तर साहेब बी. ए. असून म्हणतात, बिहोल्ड आता कुणी वापरत नाही, तो शब्द मेला. मेला? मग बारा वर्षे माझ्या वर्गात तोच शब्द रोज उठून उभा राहतो तो कसा? मी तोंडावर विचारले, आपले शब्द दोन, लुक आणि सी; माझे त्रेचाळीस, तपासणी कुणी कुणाची करायची? साहेबांनी टोपी घातली आणि हुकूम लिहिला: महिनाअखेर नगरच्या इस्पितळात डोळे तपासून दाखला आणावा, नाहीतर मास्तरांनी घरी बसावे. मी घरी बसणार नाही. तीस वर्षे फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस घरी बसून करील काय? माझ्या हातातला खडू काढून घ्यायचा तर सरकारने स्वतः यावे. चष्मा नको, सुई नको, दया तर नकोच.

तुझ्या बायकोला आशीर्वाद, तुझ्या खोकल्याला अडुळसा.

तुझा, सर्व काही दिसणारा,
आसाराम

ता. क. : एक किरकोळ काम. तुमच्या इस्पितळाच्या भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणाऱ्या इंग्रजी अक्षरांचा तक्ता असतो म्हणे. तो ओळीने उतरवून पाठव. आधी कुठला डोळा झाकायला सांगतात तेही कळव. यात लबाडी नाही, पाठांतर आहे. परीक्षेला पोरे तेच करतात आणि आपण त्यांना हुशार म्हणतो.

दुसरा ता. क. : भावजी, मी मनकर्णा. समदं पत्र मीच लिवलंय, त्यांनी सांगितलं तसं. बायकांचं बी त्यांनीच सांगितलं, मी गप लिवलं. अक्षर माझंच हाय, लगीन झाल्यावर त्यांनीच पाटीवर गिरवून घेतलं हुतं. आता त्यांना पाटी बी दिसत न्हाई. ती शब्दांची वही मांडीवर उलटी धरून बसत्यात, मी गुपचूप सुलटी करते. त्यांना चष्म्याची लाज न्हाई, सुईचं भ्या हाय. मामंजींचे डोळे बाजारात मोतीबिंदू काढनाऱ्या एका सुईवाल्यानं घालवले, तवा हे धा वर्साचे, आंधळ्या बापाचा हात धरून हिंडायचे. मला बी लई भ्या वाटतंय. पर तुमी मोठ्या डाक्टरला विचारून दिवस कळवा, मी त्यांना मोटारीनं घिऊन येते, तक्ता बघायला चला म्हनून. तक्ता मातुर धाडू नका. धाडला तरी त्यांना वाचून मीच दावनार, आन मी चुकीचा वाचीन.