अण्णांच्या व्हॅनचा नवा पाइप

३ ऑक्टो.
बसवला एकदाचा! जुना प्लॅस्टिकचा हवेच्या फिल्टरचा डबा भंगारात, त्याच्या जागी माझ्या डिझाइनचा पाइप. गाडी गॅसवरची, म्हणून गॅसची नळीही त्यालाच जोडली. सीटखालच्या इंजिनाला आता पुढच्या जाळीतून गार वारं मिळतं, वाटेत आखडलेलं वळण एक नाही. अण्णा येरमाळ्याचा घाट चढून आले ते हसतच. गाडी आता धापा टाकत न्हाय म्हणे. तेरखेड्यात दिसेल त्याला सांगत सुटलेत, पोरीनं केलंय म्हणून. डिप्लोमाचं प्रोजेक्ट हेच देणार. सर काय बोलायचं ते बोलोत.

६ ऑक्टो.
सकाळी अण्णांनी अंगणात चावी फिरवली आणि फाट्ट! आई पिठाच्या हातानं बाहेर. पाइप निखळून पडलेला. गॅसच्या गाडीला होतं असं कधीमधी, अण्णा म्हणाले आणि हसले. मीही हसले. पाइप परत बसवायला सीट उचलली तर खालचा फोम काळा, जळका वास. अण्णांना दाखवलं नाही. का नाही? घाबरले, दुसरं काय.

७ ऑक्टो.
कॉलेजच्या सरांना फोन केला. मी वाऱ्याच्या ओढीबद्दल बोलत सुटले, त्यांनी एकच विचारलं, पाइपात गॅस कुठं सोडलास? जाळीकडच्या टोकाला, तिथं जागा होती. म्हणजे तिथून इंजिनापर्यंत अख्खा पाइप गॅसनं भरलेला. चालू करताना इंजिनातली आग मागं पाइपात फिरली की तो सगळा पेटणार. पाइप जितका लांबरुंद, तितका बार मोठा. जुन्या डब्यात इतका गॅस साठतच नव्हता. वळणं मोजली, व्यास मोजला, आणि हे सुचलं नाही. अक्कल गहाण ठेवली होती मी!
आणि अण्णा त्याच गाडीत कारखान्यातून फटाक्याची खोकी भरतात.

८ ऑक्टो.
कारखान्याचा नियम लहानपणापासून बघते. माचिस, मोबाईल फाटकावर ठेवायचे. गाडी बंद करून ढकलत आत न्यायची, माल भरून ढकलतच बाहेर आणायची. लई भारी वाटायचं, किती काळजी घेतात म्हणून. पण चावी फिरते ती फाटकाबाहेर, खोकी पाठीशी असताना. हे आज डोक्यात आलं.
अण्णांना सगळं सांगितलं. म्हणलं, पेट्रोलवर चालू करा, म्हणजे तेव्हा पाइपात गॅस नसेल, मग गॅसचं बटण दाबा. पेट्रोलचं नाव काढलं की कपाळाला आठी. वर्षानुवर्षं गॅसवरच चालू करायची सवय, टाकीत थेंब नसतो. मग गाडीच नेऊ नका म्हणलं. तर दिवाळी तोंडावर आलीय, व्यापारी थांबत्यात व्हय, म्हणून माझ्यावरच डाफरले. जाताना मात्र म्हणाले, "तू केलंय म्हणून तर बिनघोर हाय म्या."
मोरीत जाऊन रडले.

९ ऑक्टो.
चावी लपवली. अण्णा बोलले, बोलू दे. पाइप कापला, गॅस आता इंजिनाच्या अगदी तोंडाशी सोडलाय. वर एक झडप, दाब वाढला की उघडणारी. दिवसभर चालू-बंद, चालू-बंद. बार नाही. तरी दरवेळी चावी फिरवताना डोळे मिटून घ्यायचे मी. आईनं विचारलं, झालं का आता नीट? झालं म्हणाले. खरं म्हणजे...

११ ऑक्टो.
घाटात ओढ कमी झाली म्हणून अण्णा फुगलेत. आधीचाच पाइप बरा होता म्हणे! आणि आज थंड इंजिनाला बारीक फुस्स झालं. झडप उघडली, म्हणजे तिचं काम तिनं केलं. पण म्हणजे आग अजून मागं येतेय. प्लग, वायरी बदलल्या. टाकीत पेट्रोल टाकलं. पेट्रोलवर आधी मेली, मेली, मग धरली एकदाची. अण्णांनी शब्द दिलाय, पेट्रोलवरच चालू करीन. पण त्यांचा हात आपोआप गॅसच्या बटणाकडं जातो. बोलता बोलता जातो, मी बघितलंय.

१२ ऑक्टो.
कारखान्याच्या फाटकाबाहेर. गाडीतच लिहितेय. हट्ट करून आले. माल भरून गाडी आत्ताच ढकलत बाहेर आणली, मागं टपापर्यंत खोकी. मान वळवत नाही मी. अण्णा मोबाईल घ्यायला फाटकावर गेलेत. बटण पेट्रोलवर करून ठेवलंय. पण पहिल्या फटक्यात धरली नाही तर ते वैतागून गॅसवर टाकणार, आणि मी काय हात धरणार त्यांचा? धरीन.
आले. गाडीत बसेनात. दारापाशी उभे राहून म्हणतायत, मी चालू करतो, तू तवर तिकडं लिंबाखाली जाऊन थांब. इतक्या वर्षांत असं कधी म्हणाले नव्हते.
भ्यालेत. अण्णाही भ्यालेत.
उतरत नाही म्हणलं.