आत्याच्या हाती भिंगरी

३ फेब्रुवारी

चि. वन्सं हिला अ. उ. आ., आणि सोबत एक हलका चिमटा.

वन्सं म्हटलेलं तुला आवडत नाही, म्हणूनच म्हणते. नणंद धाकटी असली तरी नणंदच. फोनवर तू हो आणि बरं यापलीकडे जात नाहीस, म्हणून शेवटी कागद काढला.

माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध बारीक भोक पडलंय. दुखत काहीच नाही. फक्त ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसलं जातं. कचेरीत नकाशा समोर घेते, एखाद्या गावावर नजर ठेवते, आणि ते गाव नाहीसं होतं. भोवतीचे रस्ते, नदी, टेकड्या सगळं जागच्या जागी, मध्ये मात्र धुकं. साहेब म्हणाले की तुमच्या हाती आणखी महिनाभर काम दिलं तर जिल्हाच ओस पडेल.

एक मार्चला मोठ्या शहरात ऑपरेशन आहे. नंतर दोन आठवडे पालथं पडून राहायचं. तुझा दादा सोबत हवाच. म्हणजे तीन आठवडे भिंगरीला कोणीतरी सांभाळायला हवं. ती आता पाच वर्षांची झाली. तू तिला पाहिलंस त्याला वर्ष होत आलं.

माझी आई मागच्या गल्लीतच राहते, हे मला ठाऊक आहे. तिचा नातीवर जीव आहे, हेही. पण भिंगरीची ही बदाम-अक्रोडाची अ‍ॅलर्जी म्हणजे आमची थेरं आहेत, असं तिचं पक्कं मत आहे. थोडं थोडं पोटात गेलं की अंगवळणी पडेल, म्हणते. मागच्या महिन्यात भिंगरीच्या दुधात ती बदामाची पूड कालवत होती. पेला मी हातातून काढून घेतला. तेव्हापासून आम्ही दोघी जेवढ्यास तेवढं बोलतो.

तू ये. हे मी विचार करून लिहितेय.

पत्राची वाट पाहते; माया आहेच, तिला गंज चढू देऊ नये.

तुझी
वहिनी

•

८ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

डोळ्याचं वाचून जीव चरकला. पण मला येता यायचं नाही. लाँड्री बंद ठेवता येत नाही, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. इस्त्रीवाले काका महिनाभर एकट्याने सांभाळतील.

त्या दुपारबद्दल मी तुला कधी पुरतं सांगितलंच नाही. तुम्ही दोघं लग्नाला गेला होता आणि भिंगरी माझ्याकडे होती. हॉटेलच्या चादरी नुकत्याच निघाल्या होत्या. त्या गरम ढिगाऱ्यावर ती पालथी पडून वाफेचे ढग मोजत होती. मी समोरच्या बेकरीतून बिस्किट आणलं. बेकरीवाल्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, यात काही नाही. त्यात नव्हतंच, पण सकाळपासून त्याच ताटात अक्रोडाचा केक कापला जात होता, हे ना त्याला सुचलं, ना मला.

थोड्या वेळाने ती म्हणाली की माझ्या जिभेवर मुंग्या चालतायत. मी हसले, वहिनी. मी तिला म्हटलं, मोज बरं किती आहेत. तिने सातपर्यंत मोजल्या आणि तिचा आवाज बसला. मग ओठ सुजले. मी तिची पिशवी उलटी केली, अ‍ॅलर्जीवरच्या इंजेक्शनचं पेन सापडेना. हॉटेलच्या गाडीवाल्याने आम्हाला डॉक्टरांकडे पोहोचवलं, त्यांनी सुई टोचली, म्हणून ती आहे.

त्या हसण्याचं मी काय करू ते सांग. ज्या हातांनी पेन हरवलं त्या हातांत तू पोर देऊ नकोस.

भिंगरीला गोड पापा. माझ्यावरचा लोभ तेवढा लांबूनच असू दे.

वन्सं

•

१२ फेब्रुवारी

चि. वन्सं हिला आशीर्वाद. आज चिमटा नाही.

पेन तुझ्या हातून हरवलं नव्हतं. ते माझ्या टेबलाच्या खणात होतं. तिची पिशवी मी भरली होती. लग्नाची धांदल होती, साडीची पिन सापडत नव्हती, पेन उघड्या खणात ठेवलं आणि कोणीतरी हाक मारली. दवाखान्यात येण्याआधी घरी गेले, तेव्हा ते दिसलं. मी खण लावून टाकला.

तू दवाखान्यात रडत सांगत होतीस की पेन तुझ्याकडूनच कुठंतरी पडलं असणार, आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते. पेन कुठं आहे ते ठाऊक असूनही. मग आठवडा गेला, महिना गेला, आणि तू यायची बंद झालीस. तू येत नाहीस याचं मला, खरं सांगते, थोडं बरंही वाटत होतं.

काल दादाला सांगितलं. तो म्हणाला की हे मला नाही, तिला सांग.

माझ्या आईला भीती वाटत नाही. तुला वाटते, मला वाटते. भिंगरीजवळ घाबरणारं माणूस हवं आहे. म्हणून तू.

क्षमा माग असं कोणी म्हणालं नाही, तरी मागते.

वहिनी

•

१९ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,

नमस्कार.

वर्षभर मी ते पेन शोधलं. दर रविवारी एकेका यंत्राखाली हात घालून. काकांना वाटायचं मी अंगठी हरवली. त्यांनी एकदा जमिनीच्या फळ्यासुद्धा उचकटून दिल्या.

राग आला आहे आणि तो एवढ्यात जाणार नाही. सव्वीसला सकाळच्या गाडीने येते. भिंगरीसाठी येते, हे लक्षात असू दे.

लोभाचं समोरासमोर बघू.

•

४ मार्च

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

निघताना तू स्टेशनवर काहीतरी बोलणार होतीस आणि मी मुद्दाम सामान मोजत बसले. तेवढं मनावर घेऊ नकोस. ऑपरेशन नीट झाल्याचं दादाने कळवलं. आता निमूट पालथी पड.

इकडची खबर. दोन पेनं माझ्या कमरेच्या पिशवीत असतात, आंघोळीला जाताना ती दाराच्या खुंटीला. शाळेच्या बाईंकडे तिसरं. वाण्याच्या दुकानात मी पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचत इतकी उभी राहते की आज त्याने स्टूल दिलं आणि विचारलं, परीक्षा कधी आहे. डॉक्टरांनी सरावासाठी बिनसुईचं पेन दिलंय. रोज दुपारी मी उशीला टोचते आणि भिंगरी तिच्या अस्वलाला. अस्वलाला आता माणसं बघितली की धडकी भरते.

दुपारी ती माझ्या कुशीत झोपते. पडद्यातून पिवळा उजेड येतो, खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटते, आणि मी तिचा श्वास ऐकत पडते. कधी वाटतं, मागचं वर्ष मी अशीच कुठंतरी बुडून होते.

तुझ्या आई रोज चारला येतात. बाहेरचा खाऊ आत आणायचा नाही, आल्यावर साबणाने हात धुवायचे, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, जिने स्वतःचं एक पोर वाढवलं नाही तिने मला शिकवू नये. मी साबण पुढे केला. त्यांनी हात धुतले, पण माझ्याकडे न बघता.

दादाला सांग, जेवणाची वेळ चुकवू नकोस. मायेची बाकी सगळी कलमं आहेत तशी चालू.

तुझी वन्सं (हो, लिहिलं)

•

९ मार्च

चि. वन्सं हिला अ. उ. आ.

अक्षर मोठं आहे, समजून घे. खाटेला तोंडापुरतं भोक आहे, त्याखाली फरशीवर कागद ठेवून डाव्या डोळ्याने लिहिते. नर्स आल्या की कागद खाटेखाली सरकवते.

उजव्या डोळ्यात हवेचा बुडबुडा भरलाय. पापणी उघडली की तो हलतो, चंदेरी कडेचा, आणि त्याच्या आत सगळं तरंगतं. नर्सचे पांढरे बूट येतात आणि दोन बदकांसारखे पोहत जातात. दिवस कुठला, दुपार कुठली, कळत नाही. फरशीच्या भेगांचा मी मनात नकाशा काढलाय. एका भेगेच्या टोकाला आपलं घर धरलंय, आणि तुम्ही दोघी तिथं झोपलेल्या दिसता.

आईच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. वाईटच आहे ते. तरी तू साबण पुढे केलास, हे वाचून दादा कितीतरी दिवसांनी हसला.

एकच मागणं आहे. काही झालं तर मला सगळं सांग. माझी तब्येत बघून गाळू नकोस. गाळलेल्या गोष्टींनी माणसाचं काय होतं, ते आपल्या घरात मला चांगलं कळलंय.

उशीवर टेकलेल्या या डोक्याची आठवण ठेव.

वहिनी

•

१४ मार्च

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

आधी हे वाच: भिंगरी बरी आहे. माझ्या समोर पोटावर पडून घोड्याला सहा पाय काढतेय. दादाला परवा फोनवर थोडक्यात सांगितलं होतं. आता सगळं.

परवा चारला तुझ्या आई आल्या. मैत्रिणीकडून येत होत्या. खाऊ काही आणला नव्हता, हात न सांगता धुतले. मग भिंगरीला जवळ ओढून गालाचे, ओठांचे मुके घेतले. मैत्रिणीकडे त्यांनी चहाबरोबर अक्रोडाचा केक खाल्ला होता. हातांचं मी सांगितलं होतं. तोंडाचं मला सुचलं नव्हतं.

पाच मिनिटांत भिंगरी गाल खाजवत माझ्याकडे आली. गालावर लाल गांध होती, ओठांच्या आकाराची. मग घशात काहीतरी गुदगुल्या करतंय म्हणाली आणि खोकू लागली, कोरडा, कुत्र्याच्या पिल्लासारखा. आई म्हणाल्या, धूळ गेली असेल, पाणी दे. मी या वेळी हसले नाही.

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तिला मांडीवर टेकवून बसवलं, पेनाचं टोपण काढलं, फ्रॉकवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबलं आणि मोठ्याने दहा आकडे मोजले. ती किंचाळली, आणि तो आवाज ऐकून मला किती बरं वाटलं काय सांगू. आईंना सांगितलं की फोन लावा, रुग्णवाहिका मागवा, अ‍ॅलर्जी म्हणून स्पष्ट सांगा. त्यांनी लावला. त्यांचे शब्द अडखळत होते, पण पत्ता बरोबर सांगितला. गाडी येईपर्यंत भिंगरीचा श्वास मोकळा झाला होता. दुसरं पेन लागलं नाही. रात्रभर तिला देखरेखीखाली ठेवून सकाळी सोडलं.

घरी आल्यावर मात्र तासभर चहाचा कप धरता येईना. आई समोर बसून होत्या. त्यांनी कप माझ्या तोंडाला लावला.

काहीही गाळलेलं नाही. तू शांत पड. तुझा जीव इथं सुखरूप आहे, तो तिथं टांगून ठेवू नकोस.

वन्सं

•

१५ मार्च

चि. सौ. बयो हिला आईचे अ. आ.

मला पत्र लिहायची सवय राहिली नाही. तुझी नणंद म्हणाली की जे तोंडाने निघत नाही ते लिहा.

चार मुलं मी याच हातांनी आणि याच तोंडाने वाढवली. माझ्या मुक्याने पोराचा श्वास कोंडेल, हे कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी हसले असते. आता पाहिलं. दुधाच्या पेल्याचंही आठवलं. तू तो ओढून घेतलास तेव्हा मी तुला नको ते बोलले होते.

त्या दिवशी ओठ साबणाने इतके धुतले की दोन दिवस प्रत्येक घासाला साबणाची चव. घरातले बदाम, अक्रोड सगळे देऊन टाकले. काल तुझ्या नणंदेकडून ते बिनसुईचं पेन शिकून घेतलं. पहिल्यांदा उलटं धरलं. ती म्हणाली, आता सुई असती तर तुमच्या अंगठ्याला बरं वाटलं असतं. मी तिला मूलबाळ नसण्यावरून बोलले होते, त्याची माफी मागायला गेले होते, आणि हसतच सुटले. मग मागितली. ती म्हणाली, पुन्हा एकदा करून दाखवा. तिसऱ्या खेपेला जमलं.

भिंगरी आता मला दारातच विचारते की आजी, तू काय खाल्लंस. मी सगळं सांगते, तेव्हा ती तोंड धुवायला पाठवते. जाते बापडी.

डोळ्याला जप. मोठ्यांचं चुकलं तरी धाकट्यांनी माया करावी, एवढं मागते.

आई

•

१९ मार्च

चि. वन्सं हिला अ. उ. आ., आणि चिमटा परत.

तुझ्या फोननंतर दादाने मला इतकंच सांगितलं होतं की जरा त्रास झाला होता, आता ठीक आहे. ठीक या शब्दावर मी चार रात्री जागी होते. फरशीकडे बघत मी शंभर वेळा ती दुपार रचली आणि शंभर वेळा ती वाईट संपली. डॉक्टर ओरडले, झोपेचं औषध दिलं, त्यानेही काही झालं नाही.

मग तुझं पत्र आलं. दादाने खाटेशेजारी जमिनीवर बसून वाचलं. खोकल्यापाशी तो थांबला. मी म्हटलं, पुढे वाच. घड्याळातली वेळ, फ्रॉक, दहा आकडे, आईने सांगितलेला पत्ता, सगळं एकामागून एक कानावर येत गेलं. चहाच्या कपापर्यंत पोहोचल्यावर त्याने मला हाक मारली. मी ओ दिली नाही. तो घाबरला, धावत नर्सना घेऊन आला. त्यांनी वाकून पाहिलं आणि सांगितलं की बाई झोपल्या आहेत, उठवू नका.

बायकोला पोरीचा जीव टांगणीला लागल्याचं पत्र वाचून दाखवलं आणि बायको घोरायला लागली, असं दादा आता सगळ्या वॉर्डात सांगतोय. सांगू दे. मी नऊ तास झोपले. गेल्या वर्षीच्या त्या दुपारपासून एवढी झोपले नव्हते.

तेवीसला येतो. तू लगेच निघू नकोस. काकांना कळवून टाक.

आणखी काय लिहू. आपलं माणूस म्हणून हक्काने रागव, हक्काने राहा.

तुझी
वहिनी