म्हशीच्या दगडाची पाठ

बाबा, तुमच्या कोंडाला काल घाण वास येत होता. धरणाखालच्या वळणावरचा तो खोल डोह, जिथे ड्युटी सुटली की तुम्ही पिसाची गरी घेऊन मासे गरवायला बसायचात. धरणाच्या दाराचं चाक आता माझ्या हातात आहे, तुमचीच नोकरी, म्हणून तुम्हाला सांगतोय. दुसऱ्या कुणाला सांगायला तोंड नाही मला.

यंदा पाणी इतकं आटलं की शिमग्यालाच कोंडातल्या म्हशीच्या दगडाची पाठ उघडी पडली. तुम्ही असतात तर त्याच दिवशी गरी खुंटीला गेली असती. मी दहा वर्षांचा असताना, पाठ दिसत असूनही, चोरून एक खडस मासा काढला आणि मोठ्या मिजाशीत स्वयंपाकघरात आणला, आठवतं ना? आई मसाला वाटायला बसलीसुद्धा होती. तुम्ही दारातूनच ओरडलात, "मेल्या, त्याला पळायला पाणी नाय, नि तू गरी टाकतोस? लाज नाय वाटत?" तो मासा तुम्ही मला माडाच्या मुळात पुरायला लावलात. मी रडतोय, आई वाटलेला मसाला काढून ठेवतेय, आणि तुम्ही आमटी-भात जेवताय. पुढे पावसाळा सरल्यावर तुम्हीच मला कोंबड्याच्या मानेचं पीस गरीला बांधायला शिकवलंत आणि तुमची गऱ्या-पिसांची पत्र्याची डबी माझ्या हातात दिलीत.

गेल्या आठवड्यात वरच्या रिसॉर्टवाल्याचा फोन आला. पाहुणे मासे पकडणार, फोटो काढणार आणि परत सोडणार. "आम्ही मारत नाही हो," असं चारदा म्हणाला. फक्त दोन दिवस धरणातून पाणी सोडू नका, म्हणजे कोंड निवळेल आणि मासे दिसतील. आणि तुम्हीच या, तुमच्यासारखा जाणकार इथे दुसरा कोण आहे? जाणकार! एवढ्या एका शब्दावर मी पाघळलो आणि चाक फिरवून दार बंद केलं. थू माझ्या जिंदगीवर.

काय ती माणसं, बाबा! छातीपर्यंत रबरी विजारी चढवून गुडघाभर पाण्यात उभी. मासा उन्हात धरायचा, त्याची पापी घ्यायची, फोटो मनासारखा येईपर्यंत पुन्हा पुन्हा उचलायचा, मग कोमट पाण्यात सोडून टाळ्या. एकाने तर माशाला हात हलवून बाय बाय केलं. शिसारी आली मला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे खडस पांढरी पोटं वर करून म्हशीच्या दगडाला लागले होते. पाहुणे तोवर गणपतीपुळ्याला दर्शनाला गेले होते.

खालच्या वाडीतली आत्या, तुम्हाला दर वर्षी राखी बांधायची ती, नाकाला पदर लावून हंडा घेऊन आली. "काय रे, पोरांनी मासे मारायला पावडर टाकलानी काय कोंडात?" मी म्हटलं, "नाय आत्या, उन्हाने मेले." "मेलं ऊनच तसं पडतंय," म्हणत ती रिकामा हंडा घेऊन परत गेली. मग मी दार उघडलं. पाणी आलं, आणि मेलेले मासे तिच्याच वाडीवरून वाहत गेले.

पत्र पाठवणार कुठे, तुमच्या डबीतच ठेवतोय. एक सांगायचं राहिलं. त्या लोकांच्या गरीला सकाळभर काही लागत नव्हतं. पहिला खडस मीच काढला, तुमच्या पिसावर, त्यांना दाखवायला. चांगला हातभर होता. फोटोत मी तो धरून हसतोय, आणि तो फोटो मी अजून मोबाइलमधून काढून टाकलेला नाही.