परेरांची पितळी ढाल

मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व
रविवार, २३ फेब्रुवारी

प्रिय ॲश्टन,

पत्र बघून हसू नकोस. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच "काका, प्लीज" म्हणून तोडलं असतंस, आणि मालाडला तुझ्या खोलीवर येऊन तोंडावर बोललो असतो तर माझा हात उठला असता. म्हणून कागद, शेजारच्या पोराच्या हाती पाठवतोय. अक्षर वाकडं आहे, ते चालवून घे. गेला दीड महिना मला किळस येतेय बाबा, साधी नाही, जेवणावरून उठवणारी. तुझी काकी मैद्याचे फुगे तळते आणि मी तळणाच्या वासाने ओटीवर जाऊन बसतो. तिला आधी वाटलं पित्त आहे. तिने दोन दिवस लिंबू-पाणी पाजलं.

बारा जानेवारीला तुमच्या हॉलमध्ये तू होतास, तरी मी परत सांगतो, कारण तू जे पाहिलंस ते तू विसरायचा प्रयत्न करतोयस असा मला संशय आहे. श्रुतिकाचं घर घाटकोपरहून आलं होतं, साखरपुड्याचं बोलायला. तिचे वडील गुणाजीराव, आई प्रेमाताई आणि भाऊ सुबोध. गुणाजीराव हा माणूस उमेदीची वर्षं गिरणीत रंगखात्यात, आणि गिरणी बंद झाल्यावर पिठाची चक्की टाकून मुलांना शिकवलेला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत गावाकडचा नारळ. दारातून आत आला आणि त्याला समोर काय दिसलं? सोफ्याच्या वर दोन हात उंचीची पितळी ढाल, तिच्याभोवती तुझ्या आईने लावलेली ती एलईडीची माळ, खाली काचेच्या वाटीत मेणबत्ती, आणि वर वाळलेला हार. बिचाऱ्याने कोपऱ्यात चपला काढल्या, पुढे झाला, नारळ त्या मेणबत्तीपाशी ठेवला आणि हात जोडून वाकला. त्याला वाटलं, आपल्या मुलीच्या सासरचं कुलदैवत. कोकणातला माणूस दुसऱ्याच्या घरात आधी त्याच्या देवाला भेटतो, मग माणसांना. यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

तुझे बांद्र्याचे मामा मात्र हसले. एक हसला म्हणून दुसरा हसला. आणि तुझी आई, जिला मी अडतीस वर्षं वहिनी म्हणून मान दिला, ती त्या वाकलेल्या माणसाला म्हणाली, "तो देव नाही हो, खानदान आहे आमचं. तुमच्याकडे नसतं हे." गुणाजीरावांनी नारळ उचलला, परत पिशवीत घातला आणि म्हणाले, "चुकला माझा." मग ते सोफ्याच्या अगदी कडेला बसले आणि तासभर त्यांनी पाण्याचा ग्लासही उचलला नाही. श्रुतिकाने त्या वेळी कुणाकडे पाहिलं, आठवतंय? आईकडे नाही, मामांकडे नाही. तुझ्याकडे. आणि तू हसत होतास. मोठ्याने नाही, नुसतं ओठाच्या कडेने, पण हसत होतास. मी तुझ्या शेजारीच उभा होतो. चार दिवसांनी तिने लग्नाला नकार कळवला, तेव्हा तुम्ही सगळे म्हणालात, एवढ्याशा गोष्टीवरून.

आता त्या खानदानाचं बोलतो. मी चाळीस वर्षं अंधेरीच्या एमआयडीसीत अंबादास लोंढ्यांच्या कारखान्यात शाळांचे, क्लबांचे, बँडपथकांचे बिल्ले केलेत. पत्रा कापायचा, ठसा मारायचा, खाचेत मीना, म्हणजे काचेचा रंग, भरायचा, भट्टीत घालायचा, घासायचा. अंबादासांकडे ढालींवरचं एक जाडं इंग्रजी पुस्तक होतं, ते मी जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं. तेव्हा हे तुला दुसऱ्या कुणाकडून नाही, माझ्याकडून ऐक. युरोपातले सरदार लढाईला जाताना डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात. तोंड दिसायचं नाही. आपल्याच माणसाने आपल्याला मारू नये म्हणून ढाल रंगवायची, एवढंच ते. पुढे राजा ते चिन्ह माणसाला द्यायला लागला, त्या माणसाला आणि त्याच्या वारसाला. आडनावाला नाही. एका आडनावाची हजार माणसं असली तर नऊशे नव्व्याण्णवांचा त्या ढालीशी काडीचा संबंध नसायचा. पुढे शहरांना आणि मुलखांनाही ढाली मिळाल्या. वसईच्या किल्ल्याच्या दारावर पोर्तुगालची ढाल कोरली आहे, आत पाच छोट्या ढाली, प्रत्येकीवर पाच ठिपके. तुला लहानपणी खांद्यावर बसवून दाखवली होती मी. गोव्याला त्यांनी संत कॅथरीनचं चाक दिलं, कारण तिच्या सणाच्या दिवशी गोवा जिंकला. म्हणजे ज्याने जिंकलं त्याने दारावर शिक्का मारला. इंग्रजांनी तर कमाल केली. दिल्ली दरबारासाठी त्यांच्या एका अधिकाऱ्याने इथल्या राजेरजवाड्यांना नव्वदेक चिन्हं काढून दिली, आणि पुढच्या पिढ्या ती छातीवर मिरवायला लागल्या. मुलखाच्या ढालींचा इतिहास मला तरी असाच दिसला, वरच्याने द्यायचं आणि खालच्याने मिरवायचं.

आणि आपण कोण? वसईच्या दारावर ज्यांनी ढाल लावली त्यांचे आपण कुणी नाही. त्यांच्यासाठी जे दगड वाहत होते, त्यांचे असू फार तर. आपल्या पणजोबाच्या पणजोबाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पोर्तुगीज धर्मपित्याचं आडनाव चिकटलं, परेरा. त्याआधी आपण कुणबी होतो, मरोळच्या खाचरात भात लावणारे, पावसात गुडघाभर चिखलात उभे राहणारे. धर्मपित्याने आडनाव दिलं, ढाल नाही दिली. ती त्याच्याकडेही नसेल. आपल्या गावठाणातल्या अर्ध्या घरांनी ही चूक केलीय हल्ली, इंटरनेटवर आडनाव टाकायचं आणि येईल ती ढाल फ्रेम करून लावायची. मी त्यांना हसतो. पण त्यांनी निदान खऱ्या परेराची तरी लावली, लाल ढाल आणि चंदेरी क्रूस. आपली तशी नाही. आपली जगात कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही, कारण ती मी केलीय.

हो, मी. सत्याऐंशी साली. तुझा बाप मर्विन तुझ्या आईवर, ब्रिजेटवर, जीव टाकून बसला होता आणि तिचा बाप आम्हाला उभं करत नव्हता. त्यांच्याकडे पियानो होता, आमच्याकडे म्हैस. तो म्हणायचा, हे शेतातले लोक, यांना काय घराणं आहे. मर्विन माझ्याकडे येऊन रडला. तेव्हा मी पंचविशीत होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. कारखान्यात सुट्टीच्या दिवशी बसून मी पितळेचा पत्रा घेतला. सिंह एका शाळेच्या ब्लेझरवरून उचलला, बुरूज सिमेंटच्या गोणीवरून, चाक गोव्याच्या जुन्या नाण्यावरून. चंदेरी पाठीवर सोनेरी सिंह बसवला, जे ढालीच्या शास्त्रात चालतच नाही, धातूवर धातू. कुणाही जाणकाराने एका नजरेत पकडलं असतं. खाली लॅटिन ओळ हवी होती. मला लॅटिन कुठे येतं? आईच्या औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरने दोन शब्द लिहिले होते, आंते सिबुम. तेच कोरले. कंपाउंडरला नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, जेवणापूर्वी. ॲश्टन, आपल्या खानदानाचं ब्रीदवाक्य जेवणापूर्वी असं आहे. तुझ्या दंडावर ते गोंदलेलं आहे. तू गोंदवून आलास तेव्हा कौतुकाने बाही वर करून मला दाखवलंस आणि मी म्हटलं, झकास.

पितळ जुनं दिसावं म्हणून मी ते मिठाच्या पाण्यात ठेवलं, मग धुरावर धरलं. मर्विनने ते फडक्यात गुंडाळून सासऱ्यापुढे ठेवलं आणि सांगितलं, घरच्या जुन्या पेटीच्या तळाशी सापडलं. म्हातारा विरघळला. लग्न झालं. तू झालास. ढाल भिंतीवर चढली ती पुढे कुणी खाली उतरवलीच नाही. घराला आशीर्वाद द्यायला फादर आले, त्यांनी तिच्यावरही पवित्र पाणी शिंपडलं. मे महिन्यात गावठाणाच्या क्रुसाला हार घालायचो, त्यातला एक तुझी आई ढालीला घालू लागली. मर्विन आणि मी एकमेकांकडे बघायचो. चार वर्षांपूर्वी तो गेला त्याच्या आदल्या आठवड्यात त्याने माझ्याकडून शब्द घेतला, की ब्रिजेटला कधीच सांगू नकोस. मी दिला. म्हणून त्या दिवशी, गुणाजीराव वाकले तेव्हा, मी गप्प राहिलो. निदान स्वतःला तरी मी हेच सांगत होतो.

तुझ्या काकीला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला कशाला सांगतोस? घाटकोपरला जाऊन सांग." म्हणून बावीस जानेवारीला मी मेट्रोने गेलो. गुणाजीराव चक्कीवर होते, भुवया पिठाने पांढऱ्या. मी तिथेच उभं राहून सगळं सांगितलं, सिंहापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत. मला वाटलं, हा माणूस हसेल तरी, नाहीतर माझ्या गळ्यात पडेल. त्यांनी गिऱ्हाइकाचा डबा भरला, झाकण लावलं, आणि मग म्हणाले, "खोटं तुम्ही अडतीस वर्षांपूर्वी बोललात, त्याचं मला काय? गप्प बसलात ते माझ्यासमोर." मर्विनला दिलेला शब्द माझ्या जिभेवर होता. तो मी गिळला. त्या पिठाच्या धुरळ्यात उभा राहून मला कळलं, की ढाल खरी असती तरी त्या दिवशीची घाण तेवढीच घाण असती. ती खोटी आहे हे सांगून मी कुणावर उपकार करत नव्हतो.

तुला राग आला असेल तर मर्विनवर काढू नकोस, तो प्रेमात होता. आईवरही फार काढू नकोस. आज सकाळी चर्चमध्ये मिसा झाल्यावर मी स्टूल घेऊन तुमच्या घरी गेलो, ढाल उतरवली आणि तिला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, मर्विनला माहीत होतं का. मी हो म्हटलं. तेव्हापासून ती खोलीचं दार लावून बसलीय आणि काकी बाहेर चहा घेऊन उभी आहे. संध्याकाळी ये आणि तिच्याजवळ बस. तिचं चुकलं ते चुकलंच, पण आज तिच्या घरात तिचं असं कुणी नाही.

आता हे पत्र आजच का, ते. चक्कीवर त्या दिवशी श्रुतिकाही होती, आतल्या बाजूला, ऑफिसमधून लवकर आलेली. तिने सगळं ऐकलं. मी निघालो तेव्हा ती माझ्याबरोबर स्टेशनच्या कोपऱ्यापर्यंत आली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "काका, त्याला एक महिना काही सांगू नका. स्वतःला खानदानी समजत असतानाच तो बाबांना भेटायला आला, तर मी दार उघडीन." मी तिला कबूल केलं. आणि मग महिनाभर मी तुझ्या मागे लागलो, आठवतंय? तीन फेब्रुवारीला मालाडला आलो, तुझ्या ऑफिसखाली चहा प्यायलो, विचारलं, गेलास का रे घाटकोपरला? तू म्हणालास, आधी तिने फोन करायला हवा. दहा तारखेला मेसेज केला. तू अंगठा पाठवलास. परवा रात्रीचं जेवण टाकून फोन केला, तर तू म्हणालास, काका, माझी पण काही सेल्फ रिस्पेक्ट आहे ना. जिभेच्या टोकावर आलेलं मी दाताखाली दाबून धरलं, कारण मुलीला शब्द दिला होता. काल बावीस तारीख होती. रात्री दहा वाजता तिचा मला मेसेज आला, की नाही आला ना, आता सांगून टाका त्याला, माझ्याकडून काही राहिलं नाही. तेव्हा आता तुला सगळं माहीत आहे, आणि म्हणूनच सांगतो, घाटकोपरला जाऊ नकोस.

तुझाच,
इसिडोर काका