आत्याचा शेक

जालना, ६ जून

ती. आत्यास,
शिवकन्येचा सा. न. वि. वि.

तुझा मोबाइल बंद लागतो. किरणांची भीती घालून तो पेटीत टाकायला मीच लावले, म्हणून आता पोस्टाची रांग माझ्याच नशिबी आली.

काळजी मात्र वेगळीच आहे. छातीतली गाठ काढली, पण ती पुन्हा होऊ नये म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला किरणांचा शेक तू नको म्हणतेस, असे आदिनाथदादाने कळवले. का, ते त्यालाही सांगत नाहीस. मला तरी लिही. काळजीने जेवण जात नाही. म्हणजे जाते, पण चव लागत नाही.

माझ्या घाबरटपणासकट लोभ असू द्यावा.

तुझी भाची,
शिवकन्या

धावडा, ११ जून

चि. शिवकन्येस,
साखराबाईचे अ. आ.

कारण काय इचारतीस? कारण तूच. मागच्या महिन्यात आल्तीस तेव्हा माझ्या सुनेला, आदिनाथच्या नंदाला, म्हणलीस की पोटुशीनं एक्सरेच्या खोलीपाशी उभं राहू न्हाई, लेकराला बाधतं. मंग हा शेक तर त्याहून जबर. तो आंगात घेऊन मी घरी आले अन् नंदा माझ्याशेजारी बसली, तर नातवाचं काय? माझं काय बाई, माझं समदं झालं.

ऊन बी किरणंच म्हणलीस, तर मी छत्री धरून निंदायला बसले. बाया हसून बांधावर लोळल्या. तरी तुझं बिलकुल मोडलं न्हाई.

जेवत जा. माया हायेच.

साखराबाई

जालना, १५ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले, आणि छत्रीपाशी येऊन हसलेही. सगळ्या किरणांना मी एकाच भीतीने मोजले, त्याचे हे फळ. डॉक्टरांकडे गेले होते. मोबाइलच्या लहरींत एक्सरेचे बळ नसते, पेटी उघड. उन्हात डोक्यावर पदर घे, निंदायला दोन्ही हात लागतात. पोटुशीने विनाकारण एक्सरे टाळावा, हे खरेच. पण तुझा शेक बाहेरच्या यंत्रातून येतो. यंत्र थांबले की किरणे थांबली, अंगात काही उरत नाही. कातडी काळवंडेल, थकवा येईल. नंदावहिनीला मात्र धोका नाही. हे मी बाहेर येऊन पुन्हा आत जाऊन विचारले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा डॉक्टरांनी मलाच पाणी दिले.

घाबरवताना माझे ऐकलेस, तितकेच आता ऐक. शेक सुरू झाला की मी येते आणि तुझ्याच गोधडीत झोपते.

रागावलीस तरी लोभ तुटू देऊ नये.

शिवकन्या

धावडा, ६ जुलै

चि. शिवकन्येस,
अ. आ.

शेकाला सुट्टी म्हणून मी घरी आले अन् तू बोलल्यापरमाणं आलीस. गोधडीत शिरलीस खरी, पण तुझे दात वाजून राह्यले होते. थंडी वाजते म्हणलीस. एवढ्या उकाड्यात! तरी सकाळपर्यंत जागची हलली न्हाईस.

तू गेल्यावर नंदा आली. म्हणली, एवढी भित्री पोरगी झोपली, मंग मला काय व्हतंय? माझं डोकं मांडीवर घेऊन तेल घातलं. पोटातलं लेकरू माझ्या कानावर लाथा मारून राह्यलं. मी बराबर तशीच पडून राह्यले.

उद्या पुन्हा संभाजीनगरला शेकाला निघते. आदिनाथ संगं हाये. तू येऊ नको, तुला धीर देता देता माझाच शेक राहून जाईल.

माया हाये, ती कुठं जाती.

साखराबाई